भुकटीतून तार काढणारा डॉक्टर: विल्यम वुलस्टननं प्लॅटिनमचं गुपित वीस वर्षं का दडवून ठेवलं?

एलईडी येण्याआधी घरोघरी जो पिवळ्या उजेडाचा बल्ब होता, तो आठवतोय? त्याच्या काचेच्या आत केसासारखी बारीक, गुंडाळलेली तार असायची. ती तार टंगस्टनची. आता गंमत बघा. टंगस्टन वितळायला सुमारे ३४२२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. एवढ्या उष्णतेत ते ओतायचं म्हटलं तर ज्या भांड्यात ठेवाल ते भांडंच आधी वितळून जाईल. मग ही तार बनते तरी कशी?

उत्तर ऐकायला सोपं आहे. टंगस्टन वितळवतच नाहीत. त्याची भुकटी घेतात, ती दाबून तिची कांडी करतात, कांडी तापवतात, ठोकतात आणि मग ओढून ओढून तिची तार काढतात.

शाळेत आपण धातूंचे दोन गुणधर्म पाठ केलेले असतात. ठोकून पत्रा होतो ती वर्धनीयता आणि ओढून तार होते ती तन्यता. पण पुस्तकात धातूचा अख्खा तुकडा गृहीत धरलेला असतो. ज्याची नुसती भुकटी हातात आहे, त्या धातूचं काय करायचं? सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका माणसानं हा प्रश्न सोडवला. त्यातून तो श्रीमंत झाला, दोन नवे धातू शोधून बसला, एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाची फजिती केली आणि आपली युक्ती वीस वर्षांहून जास्त काळ कुणालाही कळू दिली नाही.

त्या माणसाचं नाव विल्यम हाइड वुलस्टन.

सतरा भावंडांतला एक

वुलस्टनचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ चा, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या ईस्ट डेरेहम गावचा. वडील फ्रान्सिस वुलस्टन हे चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि आकाशनिरीक्षणाचा त्यांना भारी नाद होता. घरात मुलं किती? सतरा! अशा घरात पैशाची उधळपट्टी शक्यच नव्हती, पण पुस्तकं आणि दुर्बिणी मात्र होत्या.

विल्यम केंब्रिजला शिकला आणि डॉक्टर झाला. १७९३ मध्ये त्याला वैद्यकशास्त्रातली सर्वोच्च पदवी मिळाली आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं सदस्यत्वही. वय होतं २६. आधी लहान गावांत आणि १७९७ पासून लंडनमध्ये त्यानं दवाखाना चालवला.

पण डॉक्टरकी त्याला मानवली नाही. पेशंटचं दुखणं त्याच्या मनाला फार लागायचं. त्यात १८०० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या जागेसाठी त्यानं अर्ज केला आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच सुमारास कुटुंबाकडून त्याच्या हातात बऱ्यापैकी रक्कम आली होती. वुलस्टननं ठरवलं, आता बास. चौतिसाव्या वर्षी त्यानं डॉक्टरकी कायमची सोडली.

जोडीला होता केंब्रिजपासूनचा मित्र स्मिथसन टेनंट. दोघांनी मिळून एका धातूवर पैसे लावायचं ठरवलं. तो धातू म्हणजे प्लॅटिनम.

‘छोटी चांदी’ जिला कुणी विचारत नव्हतं

प्लॅटिनम आज सराफाच्या दुकानात दिमाखात बसलेलं असतं. तेव्हा मात्र ती एक डोकेदुखी होती. दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियातल्या चोको भागात नदीच्या वाळूतून सोनं काढताना त्यासोबत पांढरट, जड कण यायचे. स्पॅनिश लोकांनी त्याला प्लाटिना म्हटलं, म्हणजे छोटी चांदी. सोन्याच्या त्या खाणींत राबणारे बहुतेक लोक आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. हा भाग स्पेनच्या ताब्यात होता आणि प्लॅटिनम बाहेर नेण्यावर बंदी होती. त्यामुळे ते चोरट्या मार्गानं जमैकाला आणि तिथून लंडनला पोचायचं. वुलस्टनच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक चमकदार तुकड्यामागे ही साखळी होती, हे विसरून चालणार नाही.

या धातूचे गुण मोठे होते. गंज नाही, नुसत्या नायट्रिक किंवा सल्फ्युरिक आम्लाचा परिणाम नाही, आगीत टाकलं तरी काळं पडत नाही. रसायनशास्त्रज्ञांना अशीच भांडी हवी होती. अडचण एकच. प्लॅटिनम वितळतं १७६८ अंश सेल्सिअसला. त्या काळची कोळशाची भट्टी तिथपर्यंत पोचतच नव्हती. म्हणजे सोन्याचांदीसारखं वितळवून साच्यात ओतणं शक्य नव्हतं.

फ्रान्समध्ये काही कारागीर त्यात आर्सेनिक मिसळायचे. आर्सेनिकमुळे ते कमी उष्णतेत वितळायचं आणि मग तापवून आर्सेनिक उडवून लावायचं. पण आर्सेनिकची वाफ म्हणजे विष. स्पेनमध्येही चांगलं प्लॅटिनम बनवलं गेलं होतं. मात्र दर वेळी खात्रीनं उत्तम माल मिळेल अशी पद्धत लंडनच्या बाजारात कुणाकडे नव्हती. एखादा तुकडा सुरेख निघायचा, तर दुसरा हातोडीच्या घावानं फुटायचा.

१८०० च्या डिसेंबरमध्ये वुलस्टन आणि टेनंटनं जवळपास ६००० औंस कच्चं प्लॅटिनम एकदम विकत घेतलं. इतर लोक थोडंथोडं घेऊन प्रयोग करायचे. या दोघांनी सरळ साठाच केला.

युक्ती नेमकी काय होती?

आता मुद्द्याचं. भुकटीचा घट्ट धातू कसा करायचा?

पहिली पायरी शुद्धीकरणाची. कच्चं प्लॅटिनम आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात विरघळवायचं. मग त्यात नवसागर टाकायचा. हो, तोच नवसागर जो कल्हईवाले भांडी तापवून घासताना वापरतात. नवसागर पडला की पिवळ्या रंगाचा साका खाली बसतो. हा साका हलक्या आचेवर तापवला की बाकीचं सगळं वायू होऊन उडून जातं आणि मागे राहते राखाडी, भुसभुशीत प्लॅटिनमची भुकटी.

इथपर्यंत इतरांनाही माहीत होतं. वुलस्टनचं डोकं चाललं ते पुढच्या पायऱ्यांत.

त्याच्या लक्षात आलं की आच जास्त झाली तर भुकटीचे कण आधीच एकमेकांना चिकटून गोळे होतात. म्हणून आच अगदी बेताची ठेवायची. भुकटी बारीक करताना दगडी किंवा धातूचा खल वापरायचा नाही. कठीण खलात घासलं की कणांना झिलई येते आणि असे गुळगुळीत कण नंतर नीट जुळत नाहीत. त्यामुळे ती हातानं चोळायची किंवा लाकडी भांड्यात लाकडी बत्त्यानं कुटायची. मग पाण्यात ढवळून गाळायची. जड, जाडसर कण तळाला बसतात आणि पाण्यासोबत येते ती सगळ्यात बारीक पूड.

ही पूड सुकवायची नाही, ओल्या चिखलासारखीच वापरायची. समुद्रकिनाऱ्यावर कोरड्या वाळूचा किल्ला उभा राहत नाही, ओल्या वाळूचा राहतो. इथेही पाण्यामुळे कण एकमेकांजवळ सरकून दाटीवाटीनं बसतात आणि मध्ये हवेच्या पोकळ्या राहत नाहीत. पोकळी राहिली की पुढे त्या जागी फोड येतो आणि धातू फाटतो.

हा लगदा पितळेच्या किंचित निमुळत्या नळीत भरायचा. वरून लांब दांड्याच्या यंत्रानं जबरदस्त दाब द्यायचा. पाणी निथळून जातं आणि हातात येते एक घट्ट वडी. लाडू वळताना मूठ आवळतो तसंच, फक्त इथे मुठीच्या जागी लोखंडी यंत्र. ही वडी दिसायला धातूसारखी असते, पण तिची घनता शुद्ध प्लॅटिनमच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे आत अजून बरीच रिकामी जागा.

मग वडी कोळशावर लाल होईपर्यंत तापवून उरलंसुरलं पाणी काढायचं. त्यानंतर भट्टीत जेवढी देता येईल तेवढी आच जवळपास २० मिनिटं द्यायची. बाहेर काढून गरम असतानाच ऐरणीवर ठोकायचं. घाव कुठे घालायचा, यातही मेख होती. बाजूनं मारलं तर वडीला तडा जायचा. म्हणून आधी उभी धरून टोकांवरच घाव घालायचे. असं ठोकत गेलं की पोकळी बुजते आणि घनता शुद्ध प्लॅटिनमच्या जवळ, म्हणजे पाण्याच्या सुमारे २१ पट होते. आता त्याचा पत्रा लाटा, भांडी करा नाहीतर तार ओढा.

पण यात प्लॅटिनम वितळलं कुठे? कुठेच नाही. दोन स्वच्छ कण घट्ट टेकले आणि पुरेशी उष्णता मिळाली की एका कणातले अणू दुसऱ्यात सरकतात. टेकलेल्या जागी हळूहळू मान तयार होते आणि दोन कणांचा एक कण होतो. अणूंचं हे सरकणं वुलस्टनच्या काळात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त बघून, मोजून आणि चुकत चुकत नेमकी पद्धत गाठली.

नाव न सांगता विकलेला धातू

प्लॅटिनम शुद्ध करताना दोघा मित्रांनी काम वाटून घेतलं होतं. आम्लराजात न विरघळता तळाशी जो काळा गाळ उरायचा तो टेनंटकडे. त्यातून त्यानं ऑस्मियम आणि इरिडियम हे दोन धातू शोधले. जे विरघळायचं त्यातलं प्लॅटिनम काढून घेतल्यावर उरलेलं पाणी वुलस्टनकडे. १८०२ मध्ये त्याला त्यात एक नवा धातू सापडला. त्याच वर्षी आकाशात पॅलास नावाचा लघुग्रह सापडला होता, त्यावरून त्यानं नाव ठेवलं पॅलेडियम.

आता पंचाईत झाली. शोध जाहीर करावा तर तो कशातून निघाला हे सांगावं लागणार. मग सगळं लंडन प्लॅटिनमच्या मागे लागणार आणि धंदा हातचा जाणार. जाहीर न करावा तर दुसरा कुणीतरी शोधून श्रेय घेऊन जाणार.

वुलस्टननं काय करावं? १८०३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना एक छापील पत्रक मिळालं. पॅलेडियम नावाच्या नव्या चांदीचे गुण त्यात दिले होते आणि ती सोहो भागातल्या जेरार्ड स्ट्रीटवर एका बाईंच्या दुकानात मिळेल असं लिहिलं होतं. लहान तुकडा पाच शिलिंगला, त्याहून मोठे अर्ध्या आणि एका गिनीला. शोध कुणाचा, याचा एका शब्दानंही उल्लेख नाही.

लोकांना वाटलं, हा भामटेपणा आहे. आयर्लंडचा नामवंत रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड शेनेव्हिक्स तडक दुकानात गेला आणि त्यानं शिल्लक होता तेवढा सगळा माल उचलला. तपासणी करून त्यानं रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला की हा नवा धातू वगैरे काही नाही, प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण आहे. त्याच वर्षी शेनेव्हिक्सला रॉयल सोसायटीचं मानाचं कोप्ली पदक मिळालं.

इतरांनी ते मिश्रण बनवून बघितलं. कुणालाच जमेना. डिसेंबर १८०३ मध्ये पुन्हा एक निनावी घोषणा झाली: जो कोणी २० ग्रेन पॅलेडियम बनवून दाखवेल त्याला २० पौंडांचं बक्षीस. ते बक्षीस घ्यायला कुणीच पुढे आलं नाही.

१८०४ मध्ये वुलस्टननं त्याच द्रावणातून आणखी एक धातू शोधला. त्याचे क्षार गुलाबी रंगाचे म्हणून नाव ऱ्होडियम. हा शोध मात्र त्यानं स्वतःच्या नावानं मांडला. आणि १८०५ मध्ये जाहीर केलं की पॅलेडियमवाला तो निनावी माणूस मीच.

तोवर वुलस्टन रॉयल सोसायटीचा सचिव झालेला होता. ज्या संस्थेत शेनेव्हिक्सचा निबंध वाचला गेला, त्याच संस्थेतला एक माणूस सगळं माहीत असूनही गप्प राहिला होता, ही गोष्ट अनेकांना खटकली. शेनेव्हिक्सची चूक होतीच, घाईही होती. पण दोन वर्षं त्याला चुकीच्या वाटेनं जाऊ देणं कितपत योग्य होतं? पुढे काही वर्षांत शेनेव्हिक्स रसायनशास्त्रापासून दूर गेला.

चहाच्या ट्रेमधली प्रयोगशाळा

इकडे वुलस्टनचा धंदा जोरात सुरू झाला. तेव्हाच्या बंदुकांत दारू पेटण्यासाठी बारीक छिद्र असायचं. गरम वायूमुळे ते झिजून मोठं व्हायचं. तिथे प्लॅटिनमचं अस्तर बसवलं की बंदूक टिकायची, त्यामुळे बंदूक बनवणारे त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले. गंधकाम्लाचे कारखानदारही आले. आम्ल आटवायला काचेची भांडी लागायची आणि ती फुटायची. वुलस्टनच्या धातूची मोठी भांडी फुटतही नव्हती आणि गंजतही नव्हती. वर्षानुवर्षं हजारो औंस प्लॅटिनम त्याच्या हातून गेलं आणि तो चांगलाच श्रीमंत झाला.

त्याच्या प्रयोगशाळेत मात्र कुणालाही प्रवेश नव्हता. एक किस्सा सांगतात. एक मित्र चुकून आत शिरला. वुलस्टननं त्याचा दंड धरला, त्याला भट्टीपुढे उभं केलं आणि हिला नमस्कार करून घे, कारण ही तुझी पहिली आणि शेवटची भेट, असं बजावून बाहेर काढलं. दुसरा किस्सा परदेशी पाहुण्याचा. त्यानं प्रयोगशाळा दाखवा म्हटल्यावर वुलस्टननं नोकराकडून चहाचा ट्रे मागवला. त्यात काचेच्या काही वाट्या, थोडे परीक्षा कागद, छोटा तराजू आणि फुंकनळी. किस्से रंगवलेले असतील, पण थोडक्या साहित्यात बारीक काम करण्याची त्याची ख्याती खरी होती.

याच माणसानं १८०२ मध्ये सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा पहिल्यांदा टिपल्या. त्याला त्या रंगांच्या सीमारेषा वाटल्या. पुढे जर्मनीच्या फ्राउनहोफरनं त्यांचा नीट अभ्यास केला आणि आज सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत हे त्याच रेषांवरून ओळखतात. १८०६ मध्ये त्यानं कॅमेरा ल्युसिडा या उपकरणाचं पेटंट घेतलं. समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसायचं आणि चित्रकला न येणारेही ते गिरवू शकायचे. स्फटिकांचे कोन मोजायचं उपकरण त्यानं बनवलं. १८१० मध्ये मूतखड्यात एक नवा पदार्थ शोधला, ज्याला आज आपण सिस्टीन हे अमिनो आम्ल म्हणून ओळखतो.

डोळ्याला न दिसणारी तार

१८१३ मध्ये वुलस्टननं तारेची कमाल केली. दुर्बिणीतून तारे बघताना मोजमापासाठी भिंगासमोर अतिशय बारीक धागा ताणलेला असतो. धागा जाड असेल तर ताराच झाकला जातो. वुलस्टनला त्यासाठी धातूची तार हवी होती.

साधी पद्धत सोनारकामात आजही दिसते. पोलादी पट्टीत लहान लहान होत जाणारी भोकं असतात. तार एकेका भोकातून ओढत न्यायची. पण एका मर्यादेनंतर तार इतकी नाजूक होते की ओढताना तुटतेच.

वुलस्टननं काय केलं, चांदीच्या जाड कांडीला मधोमध भोक पाडलं आणि त्यात प्लॅटिनमची तार बसवली. मग ती आख्खी कांडी ओढून बारीक केली. चांदी दहा पट जाड असेल तर कितीही ओढलं तरी आतली तार बाहेरच्या एक दशांशच राहते. शेवटी ती नायट्रिक आम्लात बुडवायची. चांदी विरघळते, प्लॅटिनमला काही होत नाही. मागे राहते जवळपास अदृश्य तार. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर वुलस्टन १ मायक्रॉनच्या आसपास पोचला होता.

एक हिशोब करून बघा. १ ग्रॅम प्लॅटिनमची १ मायक्रॉन जाडीची सलग तार काढता आली, तर ती सुमारे ५९ किलोमीटर भरेल. सीएसएमटीहून निघालेली लोकल कल्याणच्या पुढे जाईल, तेव्हा कुठे ती संपेल. प्रत्यक्षात एवढी सलग तार कुणी काढत नाही, पण नववीच्या वर्गात वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र शिकवताना हे उदाहरण झकास आहे. अशा तारेला आजही वुलस्टन वायर म्हणतात.

फॅरेडेचं प्रकरण

१८१५ मध्ये टेनंट गेला. फ्रान्समध्ये घोड्यावरून जाताना पूल कोसळून त्याचा मृत्यू झाला. वुलस्टनची प्रतिष्ठा मात्र वाढत होती. १८२० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स वारले, तेव्हा काही महिने त्यानं अध्यक्षपद सांभाळलं. निवडणुकीला मात्र उभा राहिला नाही. ते पद हम्फ्री डेव्हीकडे गेलं.

१८२१ मध्ये मायकेल फॅरेडेनं विजेची तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. आजच्या मोटरची ही सुरुवात. वुलस्टन आधीपासून वीज वाहणारी तार स्वतःभोवती फिरेल का, याचा प्रयत्न डेव्हीसोबत करत होता. फॅरेडेनं निबंधात त्याचा उल्लेख केला नाही आणि लोक कुजबुजू लागले की पोरानं कल्पना चोरली. फॅरेडे अस्वस्थ झाला आणि त्यानं वुलस्टनकडे जाऊन आपली बाजू मांडली. वुलस्टननं प्रकरण वाढवलं नाही. डेव्हीनं मात्र फॅरेडेच्या रॉयल सोसायटीतल्या निवडीला विरोध केला, तरी १८२४ मध्ये फॅरेडे निवडून आला. स्वतःच्या शोधाबाबत इतका सावध असलेला माणूस इथे मात्र गप्प राहिला आणि यावेळी त्याच्या गप्प राहण्यानं एका तरुणाचं भलं झालं.

मरणाच्या दारात उघडलेलं कुलूप

१८२० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची युद्धं पेटलेली होती. कच्च्या प्लॅटिनमचा पुरवठा आटला आणि वुलस्टनचा धंदाही थांबला. तरी त्यानं कृती सांगितली नाही.

तिकडे रशियात उरल पर्वतात प्लॅटिनमचे साठे सापडले. त्याचं करायचं काय, हा प्रश्न तिथल्या सरकारपुढे होता. प्योत्र सोबोलेव्स्की या अभियंत्यानं १८२६ च्या सुमारास स्वतःच्या डोक्यानं जवळपास तीच वाट शोधली: भुकटी दाबा, तापवा, ठोका. १८२८ पासून रशियात प्लॅटिनमची नाणी पाडली जाऊ लागली. वुलस्टननं कुलूप लावून ठेवलेलं गुपित दुसऱ्या देशात दुसऱ्या माणसानं उघडलं होतं.

त्याच वर्षी वुलस्टन आजारी पडला. मेंदूत गाठ झाली होती. शरीराची एक बाजू बधिर होत चालली होती. स्वतः डॉक्टर असल्यानं पुढे काय होणार, हे त्याला कळत होतं. हात चालेना तेव्हा तो सांगत गेला आणि दुसऱ्यांकडून लिहून घेत गेला. एका मागून एक अर्धवट राहिलेले निबंध त्यानं पूर्ण केले. २० नोव्हेंबर १८२८ रोजी रॉयल सोसायटीत त्याचा प्लॅटिनमवरचा निबंध वाचला गेला. आच किती, खल कसला, नळी केवढी, घाव कुठे, सगळं त्यात होतं. त्याच महिनाअखेर सोसायटीनं त्याला रॉयल पदक दिलं.

२२ डिसेंबर १८२८ रोजी वुलस्टन गेला. वय ६२. लग्न केलेलं नव्हतं. शेवटच्या घडीची एक गोष्ट सांगितली जाते. भोवतालच्यांना वाटलं, आता याला शुद्ध नाही. वुलस्टननं खुणेनं कागद-पेन्सिल मागितली, काही आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांची बेरीज केली आणि कागद परत दिला. बेरीज बरोबर होती.

जाण्याआधी त्यानं रॉयल सोसायटीला २००० पौंड आणि जिऑलॉजिकल सोसायटीला १००० पौंड संशोधनासाठी दिले. दुसऱ्या देणगीतून वुलस्टन पदक सुरू झालं. १८३१ मध्ये पहिलं पदक इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा करणाऱ्या विल्यम स्मिथला मिळालं. १८३७ मध्ये ते ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांना मिळालं, हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या जीवाश्मांच्या अभ्यासासाठी. १८५९ मध्ये डार्विनला. हे पदक आज पॅलेडियमचं असतं.

मग हा प्रयोग शाळेत करता येईल का?

आम्लराज आणि भट्टीवाला भाग घरी किंवा शाळेत अजिबात करू नका. आम्लराजातून क्लोरीनसारखे घातक वायू निघतात. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची बारीक पूड ठिणगीनं भडकते. धातूची कुठलीही पूड श्वासात जाणंही वाईटच.

पण त्यामागचं तत्त्व बघता येतं. कोरडी आणि ओली वाळू एकाच डब्यात दाबून बघा, कुठली वडी उभी राहते आणि का. बर्फाचे दोन खडे काही वेळ एकमेकांना दाबून ठेवा, ते वितळून पाणी न होताच चिकटतात. तांब्याची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा, ती आधी कडक होते आणि मग तुटते. कारखान्यात तार ओढताना मधूनमधून ती तापवून मऊ का करतात, ते यावरून समजतं.

आणि सुरुवातीचा बल्ब? १९१० च्या आसपास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यानं टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून, ठोकून आणि शेवटी हिऱ्याच्या छिद्रातून ओढून तिची तार काढली. त्याआधीचं टंगस्टन हात लावला तरी मोडायचं. त्याची तार गुंडाळी करता येईल इतकी चिवट होती. कूलिजच्या पद्धतीचं पेटंट झालं आणि त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. आज मोटारीचे सुटे भाग, ड्रिलची टोकं, बेअरिंग अशा असंख्य वस्तू भुकटी दाबून आणि तापवून बनतात. त्या उद्योगाला पावडर मेटलर्जी म्हणतात आणि त्याच्या इतिहासाच्या पहिल्या पानांवर वुलस्टनचा तो शेवटचा निबंध असतो. तो त्यानं महिनाभर उशीर केला असता, तर कृती त्याच्यासोबतच गेली असती.